रोजच्या जेवणात परदेशी पदार्थ: कोकणातल्या घरात नेमकं काय रुळतं?

माडाखाली
नमस्कार मंडळी. परदेशी पदार्थ म्हटलं की आपल्याकडे पिझ्झा, पास्ता, नूडल्स, आणि तेही रविवारी नाहीतर वाढदिवसाला. मला विचारायचंय ते मंगळवारच्या रात्रीच्या जेवणाबद्दल.

आम्ही देवगडच्या जवळ राहतो. घरात सासूबाई, सासरे, दोन शाळकरी मुलं. मुलं मोबाईलवर काहीबाही बघतात आणि 'आई, हे कर ना' म्हणतात. इथे दुकानात सोया सॉस आणि व्हिनेगर मिळतं, त्यापुढे फारसं काही नाही. शहरातून बाटल्या मागवल्या तर दोन चमचे वापरून उरलेली बाटली फ्रीजमध्ये पडून राहते.

माझं मत असं की आपण युरोपकडे बघण्याऐवजी जिथे नारळ, भात आणि मासे आहेत त्या किनाऱ्यांकडे बघावं. श्रीलंका, ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स, झांझिबार, ब्राझीलचा बाहिया. तिथली साधी जेवणं आपल्या परसातल्या आणि बंदरावरच्या सामानात होतात. आमच्याकडे श्रीलंकेचं पोल सांबोल आता चटणीसारखं होतं: ताजं खोबरं, सुकी मिरची, बारीक कांदा, लिंबू, मीठ. तिकडे त्यात मालदीव मासा घालतात, म्हणजे उकडून, धुरी देऊन कडक वाळवलेला कुपा. मी त्याऐवजी कोरडा भाजलेला जवळा भरडून घालते.

तुमच्याकडे असं काय रुळलंय? अट एवढीच की खास काही विकत आणावं लागू नये आणि म्हाताऱ्या माणसांनी ताट बाजूला सारू नये.

घावनवाली
पोल सांबोल घावन्याबरोबर खा ताई. दुसरं काही लागत नाही.

गलबत
उत्तम विषय. मी मालवाहू जहाजांवर आचारी होतो. खलाशांमध्ये निम्मे तरी फिलिपिनो असायचे, त्यामुळे त्यांचं रोजचं जेवण हाताखालून गेलंय. अट बघितल्यावर पहिलं नाव आठवलं ते सिनिगांग. आंबट, पातळ, माशाचं सार म्हणा.

तांदूळ दुसऱ्यांदा धुतल्याचं पाणी टाकायचं नाही, त्यातच हे शिजवतात. त्या धुवणाने साराला थोडा दाटपणा येतो. त्यात कांदा, टोमॅटो आणि मुळ्याच्या चकत्या उकळायच्या. मुळा मऊ झाला की चिंचेचा कोळ, मग माशाचे तुकडे, वरून हिरवी मिरची अख्खी. मासा शिजत आला की मूठभर पालेभाजी टाकून झाकण ठेवायचं आणि गॅस बंद. तेल नाही, वाटण नाही, फोडणी नाही. तिकडे पाण्यात वाढणारी नाळीची भाजी घालतात, मी माठ घालतो. मासा तांबोशी किंवा शेंगटी. बांगडा नको, सार तेलकट होतं.

आंबटपणासाठी ते लोक चिंच तर घालतातच, पण बिंबलीही घालतात. ज्यांच्या दारात बिंबलीचं झाड आहे आणि फळं खाली पडून वाया जातात त्यांनी हे जरूर करावं. सासऱ्यांना चालेल ताई, तिखट नसतं आणि काटे काढून दिले तर चावायलाही काही नाही.

माडाखाली
गलबतदादा, हे उद्याच. बिंबली शेजारी आहे.

तिरफळ
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आपल्याकडचेच पदार्थ घराघरांतून चाललेत. शिरवाळे शेवटचे कधी केले ते कोणी सांगेल? पातोळ्या, पानगी, सातकापे, तवसाळं, खापरोळी. नव्या सुनांना आणि नव्या जावयांनाही हे येत नाही. आणि आपण फिलिपिन्सचं सार शिकायचं? आधी घरचं नीट येऊ दे, मग दारचं.

माडाखाली
तिरफळ, तुमची कळकळ पोचली. पण ही 'आधी-मग'ची भानगड स्वयंपाकघरात चालत नाही हो. रोज दोन वेळा जेवण होतं, दोघांनाही जागा आहे.

कुळागर
तिरफळ यांनी शिरवाळ्यांचं नाव काढलं म्हणून लिहितेय. आमच्या घरातला शिरवाळ्यांचा लाकडी सोऱ्या कित्येक वर्षं माळ्यावर होता. तो खाली आला तो ब्रह्मदेशच्या मोहिंगासाठी.

रत्नागिरीत राहणाऱ्या प्रत्येकाने थिबा राजवाडा बघितलाय. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये राजाला इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. शाळेच्या सहली जातात, फोटो काढतात, आणि त्या देशातली माणसं सकाळी उठून काय खातात हे आपल्याला ठाऊक नसतं. ते खातात मोहिंगा: माशाचं दाट सार आणि त्यात तांदळाच्या शेवया. तांदळाच्या शेवया म्हणजे आपल्याला नवीन काय?

मी असं करते. शेंगटी हळद, आलं आणि गवती चहाच्या चेचलेल्या काड्या घालून उकडून घ्यायची. पाणी गाळून ठेवायचं, मासा काटे काढून कुस्करायचा. कांदा, लसूण, आलं, सुकी मिरची वाटून तेलात चांगली परतायची, त्यात कुस्करलेला मासा घालून परत परतायचं, मग ते पाणी ओतायचं. दाट करायला बेसन किंवा भाजलेल्या तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं. तिकडे यात केळीच्या गाभ्याचे तुकडे घालतात. गाभा चिरताना प्रत्येक चकतीमागे दोरे निघतात, ते बोटाला गुंडाळत गुंडाळत काढायचे आणि चकत्या लगेच ताकाच्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. फिश सॉसऐवजी जवळ्याची पूड चिमूटभर आणि मीठ.

शिरवाळे नेहमीसारखेच: तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचे. थंड झाले की सोऱ्या फिरत नाही. वाडग्यात शिरवाळे, वर सार, उकडलेलं अंडं, लिंबू, कोथिंबीर. ब्रह्मी लोक वर कुरकुरीत भजी घालतात, दुधीचीसुद्धा. मुलांना त्या भज्यांसाठीच हे आवडतं.

आणि तिरफळ, सोऱ्या धुवून खाली आलाच होता म्हणून दुसऱ्या दिवशी नारळाच्या रसातले गोड शिरवाळेही झाले.

तिरफळ
हे मान्य. सोऱ्या खाली आला ना, मग माझं भांडण मिटलं. कुळागरताई, भजी दुधीची कशी करता? किसून की चकत्या?

कुळागर
बोटाएवढे लांबट तुकडे. तांदळाच्या पिठात बुडवून. बेसन आधीच सारात आहे.

खाडीपलीकडे
आमच्याकडे, दापोलीच्या खाडीकाठी, बाहेरचं जेवण यायला मोबाईल लागला नाही. माझे अब्बा आणि चाचा कुवेतला होते, आता माझे मिस्टर आहेत. मचबूस आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतोच. त्याला बिर्याणी समजू नका. थर नसतात. ज्या पाण्यात मासा किंवा कोंबडी शिजली त्याच पाण्यात भात शिजवायचा, सगळी चव तिथे असते. तिकडे त्यात लुमी टाकतात, लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळी होईपर्यंत वाळवलेली. सुईने दोन-तीन भोकं पाडायची आणि अख्खी टाकायची. बाहेरून कोणी येणार नसेल तर मी आपल्याच लिंबांची करते. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर वाळतात, पावसाच्या आधी बरणीत.

सोबत दक्कूस हवाच: टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची तेलात शिजवून आटवलेली पातळसर चटणी. हा दक्कूस चपातीबरोबर, अंड्याबरोबर, कशाबरोबरही जातो. डब्याला बरा पडतो.

पापलेटाला तिथे जुबैदी म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात. त्यात त्यांचं-आपलं एकमत.

भरती_ओहोटी
लुमी वाळायला किती दिवस लागतात भाभी?

खाडीपलीकडे
ऊन कसं आहे त्यावर. हलवल्यावर आतला गर सुटून खुळखुळला की झाली.

निळा_बांगडा
कोणी सेविचे केलंय का? पेरूचा पदार्थ. कच्चा मासा लिंबाच्या रसात, कांदा, मिरची, कोथिंबीर, बस. गॅस पेटवायचाच नाही. सुरमई ताजी असेल तर दहा मिनिटांत तयार.

गलबत
नका करू. मनापासून सांगतो. लिंबाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आतले जंतू आणि माशातले कृमी मरत नाहीत. कृमी मारायला मासा उणे २० अंशावर ७ दिवस ठेवावा लागतो. घरचा फ्रीज सारखा उघडतो, लाईट जाते, तिथे याचा भरवसा नाही.

सुरमई, बांगडा, कुपा यांचा दुसरा धोकाही आहे. पकडल्यापासून बर्फात नसतील तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. ते शिजवूनही जात नाही, तर लिंबाने कुठून जाणार? बंदरावर मासा उन्हात किती वेळ होता हे आपल्याला कोण सांगतं. घरात म्हातारी माणसं आणि मुलं असताना हा खेळ नको.

निळा_बांगडा
बरं झालं विचारलं. मग बांगड्याचं साधं, झटपट काय?

गलबत
जपानी पद्धत: नुसतं मीठ. बांगडा उभा चिरून मीठ लावून अर्धा तास ठेवायचा, सुटलेलं पाणी नीट पुसायचं (हे महत्त्वाचं, वास त्या पाण्यात असतो) आणि तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजायचा. बाजूला किसलेला मुळा आणि लिंबू. हळदसुद्धा नाही. ताजा बांगडा कसा लागतो हे तेव्हा कळतं.

आणि मुलांसाठी इस्तंबूलचा: एमिनोन्यूच्या धक्क्यावर भाजलेला बांगडा पावात घालून विकतात, कांदा, सॅलडची पानं, लिंबू. काटे काढलेला बांगडा, आपला पाव, कांदा, कोबी. वडापाव खाणाऱ्या मुलाला यात वावगं काही वाटत नाही.

आबोली
ह्यां झक्कास! आमच्या झिलान काल बांगडोपाव खाल्ल्यान आणि आज परत मागता. पण माका सांगा, श्रावणात काय करूचा? सगळे मासे मासेच करतत हय.

शाकाहारी_कट्टा
आबोलीताई, तुमच्यासाठीच लिहायला आलो. आमच्याकडे मासे बारा महिने नाहीत, आणि या पट्ट्यातलं शाकाहारी जेवण अफाट आहे.

अळू घ्या. फिलिपिन्सच्या बिकोल भागात लाईंग करतात: वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात, भरपूर मिरची घालून, मंद आचेवर. मूळ पदार्थात सुकट किंवा मांस पडतं, ते वगळलं तरी चव जात नाही. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, घसा त्यानेच खाजतो, म्हणून भरपूर शिजवणं आलंच. तिकडे पानं शिजेपर्यंत ढवळत नाहीत. मी आपली दोन आमसुलंही टाकतो, जीव निर्धास्त राहतो. सामोआत हीच पानं नारळाच्या जाड दुधाबरोबर पुडी बांधून भाजतात, पालुसामी म्हणतात.

कोवळ्या फणसाचं जोग्याकार्ताचं गुदेग आहे. नारळाचं दूध, ताडगूळ, धने, लसूण घालून तासन् तास शिजवतात, रंगासाठी सागाची पानं टाकतात. सागाची पानं चोळली की हात लाल होतात हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. हे गोडसर असतं, तेव्हा बाजूला झणझणीत काहीतरी हवं.

विलायती फणस ज्यांच्याकडे आहे त्यांनी काप तर करावेतच, पण जमैकासारखा अख्खा चुलीत भाजूनही बघावा. साल काळी होऊ द्यायची, मग सोलून आतला गर मीठ-लोणी लावून खायचा. कॅप्टन ब्लायने ही झाडं ताहितीहून नेली आणि १७९३ मध्ये जमैकात उतरवली, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आज ते तिथलं घरचं जेवण आहे.

आणि ज्या रात्री काहीच सुचत नाही त्या रात्री मुजद्दरा, लेबनॉन-सीरियाकडचा. अख्खा मसूर आणि तांदूळ, मीठ, जिरं, आणि वर कांदा. सगळी गंमत कांद्यात. पातळ उभा चिरून गडद तपकिरी होईपर्यंत तळायचा, करपण्याच्या एक पाऊल आधी काढायचा, आणि त्यातलं थोडं तेलही भातावर घालायचं. दह्याबरोबर वाढायचा.

आबोली
श्रावणात कांदो चलता तुमच्याकडे? 😀 आमच्याकडे सासू बघीत.

शाकाहारी_कट्टा
मग श्रावणात लाईंग, भाद्रपदानंतर मुजद्दरा!

पुणे_मुक्काम
वाचायला छान वाटतंय, पण एक शंका. फिश सॉसऐवजी जवळा, लुमीऐवजी गच्चीवरचं लिंबू, श्रीलंकेतल्या आंबट गोराकाऐवजी आमसूल... इतकं बदलल्यावर त्याला मोहिंगा म्हणायचं का? नाव घ्यायचं तर मूळ कृती पाळावी.

कुळागर
मूळ कृती म्हणजे कुणाची? ब्राझीलचं मुकेका घ्या. बाहियात नारळाचं दूध आणि लाल पामतेल घालतात. एस्पिरितो सांतोमध्ये दोन्ही घालत नाहीत, रंगाला शेंदरी वापरतात. दोघांची खात्री की आपलंच खरं. मी खोबरेल तेलात शेंदरीच्या बिया गरम करून रंग काढते, बिया फेकते आणि त्या तेलात कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, मासा थर लावून झाकून शिजवते, शेवटी नारळाचं जाड दूध. दोन्हीकडचे नाकं मुरडतील, पण आमच्या घरी भांडं पुसून जातं.

एक मात्र मान्य करते. ज्याच्यावर पदार्थ उभा आहे ते बदलू नये. मोहिंगातून गवती चहा काढला तर उरतं काय? पण खारवलेल्या माशाची चव जवळ्यातून आली तर ती जागेवरच आली.

भरती_ओहोटी
गोराकाचं नाव आलंय तर सांगतो. ते आमसुलाच्याच जातकुळीतलं फळ, दोन्ही गार्सिनिया. श्रीलंकेत त्याचं अंबुल थियल करतात: कुप्याचे चौकोनी तुकडे, वाटलेला गोराका, भरपूर मिरी, मीठ, थोडी दालचिनी, कढीपत्ता. मातीच्या भांड्यात थोडं पाणी घालून पूर्ण सुकेपर्यंत शिजवायचं. खोबरं नाही. आंबट आणि मिरीमुळे फ्रीजशिवायही टिकतं. आमच्याकडे कुप्याला कोणी विचारत नाही, स्वस्त मिळतो, आणि नेहमीच्या कालवणात तो कोरडा लागतो. इथे कोरडाच हवा असतो. आमसुलं भिजवून वाटून घ्या. फक्त गलबतदादांनी सांगितलेलं ध्यानात ठेवा, कुपा बर्फातलाच घ्या.

हळदीचं_पान
रेंदांगबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं मांसाचं सुकं कालवण. त्यात हळदीचं पान पडतं! आपण पातोळ्या झाल्या की हळदीची पानं विसरतो. गवती चहा, आलं, लसूण, मिरची, नारळाचं दूध, भाजून वाटलेलं खोबरं आणि हळदीचं पान गाठ मारून. मी कोंबडीचं करते.

तिरफळ
रेंदांगला तीन-चार तास लागतात असं ऐकलंय. धागा मंगळवारच्या रात्रीचा आहे.

हळदीचं_पान
पूर्ण सुकवायचं तर लागतात. पण त्याच्या आधीचा टप्पा, रस अजून ओला असताना, त्याला तिकडे कालिओ म्हणतात आणि तोही जेवतातच. कोंबडीचा कालिओ तासाभरात होतो. सुट्टीला उरलेला सुकवून टाकायचा, टिकतोही छान.

नारळाच्या दुधाबद्दल एक सांगते, इथे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. जाड दूध आणि पातळ दूध वेगळं काढा. पातळ दुधात शिजवा, जाड शेवटी. जाड दूध खळखळून उकळलं की फुटतं. रेंदांगमध्ये ते फुटून तेल सुटायलाच हवं, त्या तेलातच मांस परतलं जातं, म्हणून तिथे सगळं एकदम घालून चालतं. पण ब्रह्मदेशच्या खाऊ स्वेमध्ये, म्हणजे नारळाच्या रसातल्या नूडल्समध्ये, फुटलं तर रस चोथापाणी होतो. तिथे पातळ दुधात बेसन कालवून घातलं की ते धरून राहतं.

घावनवाली
हे मी लिहून घेतलं.

जवळा_किलोभर
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमच्याकडे इंडोनेशियाचा नासी गोरेंग. रात्रीचा उरलेला भात, तोही सुटा आणि गार. तिकडे कोळंबीचा आंबवलेला गोळा घालतात, तेरासी. आम्ही भाजलेले सोडे आणि लसूण, मिरची, कांदा एकत्र ठेचतो. गोडसर सोया सॉसऐवजी साधा सोया सॉस गुळाबरोबर आटवून. कढई तापून धूर येईस्तोवर थांबायचं, मग भात. वर तळलेलं अंडं.

खाडीपलीकडे
सोडे ठेचायच्या आधी भिजवता की कोरडेच?

जवळा_किलोभर
कोरडे भाजून. भिजवले की कढईत पाणी सुटतं.

माडाखाली
सिनिगांग झालं. बिंबली घालून, तांबोशीचं. सासरे आधी म्हणाले, 'ह्यात खोबरां खंय?' मग दोनदा भात घेतला. सासूबाईंचं म्हणणं असं की हळद नसलेलं माशाचं सार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, पण ताप आल्यावर पेजेबरोबर हे चांगलं. मुलांना मुळा आवडला नाही, तो मी पुढच्या वेळी कमी करीन.

मूळ प्रश्नाकडे यायचं तर मला वाटतं रुळण्याच्या बाबतीत पातळ, भाताबरोबर जाणारे पदार्थ पुढे आहेत. मोठ्या माणसांना भात कालवायला काहीतरी लागतं. सिनिगांग आणि मुकेका त्यात बसतात. मोहिंगा मी संध्याकाळच्या खाण्याला करीन, कारण जेवणात सासरे शिरवाळ्यांना जेवण मानणार नाहीत, आणि त्यांच्याशी मी यावर वाद घालणार नाही.

कुळागरताई, एक विचारायचं राहिलं. शिरवाळ्यांना लाल तांदळाचं पीठ चालेल का? घरचा तोच आहे.

कुळागर
चालेल, पण नुसत्या लाल तांदळाचे तुटतात. निम्मं पांढरं पीठ मिसळा आणि उकड जास्त मळा. सोऱ्यातून पाडताना दुसरं माणूस धरायला असू दे, लाल पीठ घट्ट असतं.

तिरफळ
धरायला मी येतो. देवगडात कुठे?